मुहूर्ताचा रुपया

मित्रांनो, आधी तो हात मागे घ्या बरं! माझी पाती आता चालत नाहीत, धारही गेली आहे, तरी मुलांचे हात माझ्या तोंडाजवळ आले की मला धडकी भरते. हं, असे लांब बसा. मी एक जुना रेचा आहे. रेचा म्हणजे कापसातून सरकी काढणारं यंत्र. तुमच्या अंगातल्या शाळेच्या सदऱ्याचा धागा होण्याआधी कापसाला माझ्यासारख्याच्या जबड्यातून जावं लागतं. मी आता अर्धाच उरलो आहे. आर्णीच्या या दुकानाच्या भिंतीला मला टेकवून ठेवलंय, आणि येता-जाता कुणी माझ्यावर पानाची पिचकारी मारली की मला भयंकर राग येतो. मी रागीटच आहे. ज्याला घडवलंच टोले हाणायला, त्याने गोड तरी कसं बोलावं?

माझी रचना सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. माझ्या जबड्यात पोलादाची दोन पाती. एक जागेवर बसलेलं, दुसरं सतत खालीवर होणारं. त्यांना लागून चामड्याचा जाड रोलर फिरतो. चामडं कापसाचे तंतू धरून ओढतं, पातं सरकीला टोला देतं, आणि रुई एकीकडे, सरकी दुसरीकडे पडते. धरायचं काम चामड्याचं, मारायचं काम माझं. चामडं वाईट असलं तर मी नुसताच आपटत बसतो, हाती काही लागत नाही.

माझं चामडं निजामुद्दीनभाऊंच्या हातचं. दारव्ह्याच्या रस्त्यावर आमचं जिन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना, होता, आणि हंगामाच्या तोंडावर भाऊ आर्णीहून नवे रोलर टेम्पोत घालून आणायचे. चामड्याच्या चकत्या दांड्यावर ओवून, दाबून, घासून, त्यांवर खाचा पाडून केलेले रोलर. बसवून झाले की ते आपला गाल चामड्याला लावायचे. कुठे उंचवटा असला तर गालाला कळतो म्हणे. मला त्या दाढीच्या गुदगुल्या व्हायच्या! एवढ्या मोठ्या यंत्राला गुदगुल्या झाल्याचं कुणाला सांगायची सोय नव्हती.

माझ्यापाशी कामाला लखन असे. तांड्यावरचा उमदा पोरगा, खांदे बैलासारखे, आणि जीभ कधी जागेवर नाही. मला तो "म्हातारा" म्हणायचा. "ए म्हाताऱ्या, आज काहून खोकून राह्यला बे?" असं म्हणत माझ्या वंगणाच्या भोकात तेल सोडायचा. त्याची आई रुक्माबाई खाली पडलेली रुई झाडायची. तिला तो याडी म्हणे. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात.

आता आमच्या जिनातली एक रीत ऐका. थोरल्या शेठने, म्हणजे आताच्या शेठच्या वडिलांनी, ती घातली होती. हंगामाच्या मुहूर्ताला माझी पूजा व्हायची, नारळ फुटायचा, आणि शेठ माझ्या डोक्यावर, कापूस टाकायच्या तोंडाशी, एक रुपया ठेवायचे. तो रुपया उचलायचा मान कामावरच्या सगळ्यांत जुन्या बाईचा. ती पुढे यायची, रुपया उचलायची, माझ्या तोंडावरून तळहात फिरवायची आणि म्हणायची, "चाल रे बापा." मगच बटण दाबायचं. त्याआधी कुणाची छाती नव्हती बटणाला बोट लावायची.

कित्येक वर्षं हा मान रुक्माबाईचा होता. दर साली तो रुपया ती सोनाराकडून टोचून घ्यायची आणि गळ्यातल्या माळेत ओवायची. तांड्यावरच्या म्हाताऱ्या बायांच्या अंगावर नाण्यांचे दागिने असतात, तशी तिची ही मुहूर्ताची माळ. ती वाकून झाडू लागली की माळ खुळखुळायची. माझा खडखडाट आणि तिचा खुळखुळाट, असा आमचा हंगाम निघायचा. किती सुखाचे दिवस होते ते! माझी रुई लांब धाग्याची निघते म्हणून व्यापारी माझ्यापाशी येऊन मूठ भरून पाहायचे, आणि मी फुगून जायचो.

मग थोरले शेठ गेले. धाकट्या शेठने बँकेचं मोठं कर्ज काढलं, नवी यंत्रं आणली, पाहुण्यांसाठी काचेची खोली बांधली. माल पुरवणाऱ्यांना मात्र "पुढच्या महिन्यात" असं उत्तर मिळू लागलं. निजामुद्दीनभाऊंनाही तेच. तरी त्या वर्षी त्यांनी सगळ्या रेच्यांना नवे रोलर दिले. म्हणाले, "थोरल्या शेठचं मीठ खाल्लं आहे. यंदा देतो."

त्या साली मुहूर्ताला बँकेचे साहेब यायचे होते. आणखी कर्ज हवं होतं ना! शेठचे जावई शहरातून खास आले. सगळे त्यांना जावईबापू म्हणायचे. त्यांनी फाटकावरच्या चौकीदाराला, देवसिंगला, बजावलं, "त्या झाडणाऱ्या बायांना आत सोडू नकोस. फोटो काढायचे आहेत. धुळीने भरलेली तोंडं नकोत मध्ये."

पूजा झाली. नारळ फुटला. शेठने जुन्या सवयीने रुपया माझ्या डोक्यावर ठेवला. मला फाटक दिसत होतं. रुक्माबाई नवी ओढणी घेऊन आली होती आणि गजांना धरून ओरडत होती, "ओ बापू! रुपया माह्या हातचा आहे ना! मले आत येऊ द्या!"

"देतो गं नंतर. पळून जातोय का तो?" जावईबापू हसले. साहेबही हसले.

लखन माझ्यापाशी उभा होता. तो म्हणाला, "बापू, याडीले बोलावतो ना एका मिनिटासाठी. तिचा हात फिरल्याबिगर आमी..."

"अरे, काय अडाणीपणा लावलाय!" असं म्हणून जावईबापूंनी बटण दाबलं.

मी सुरू झालो की माझं सगळं अंग थरथरतं. रुपया माझ्या डोक्यावर नाचू लागला. टाळ्या वाजत होत्या, कुणाचं लक्ष नव्हतं. साहेब जेवायला काचेच्या खोलीत गेले आणि रुपया घरंगळत कापसात पडला. मला तो कळला, मित्रांनो! घशात खडा अडकल्यावर तुम्हाला कळतो तसा कळला. पण मला तोंड असून जीभ नाही. चामड्याने त्याला कापसासकट ओढलं, आणि माझं खालीवर होणारं पातं पूर्ण जोराने त्याच्यावर आदळलं. ठिणगी उडाली. दुसरी उडाली. सुक्या कापसाला तेवढं पुरतं.

कापसाची आग चढत नाही, धावते. लखनने पळून जायला हवं होतं. पण माझ्या मागे रुईचा डोंगर होता आणि त्या बाजूला बाया गोण्या शिवत बसल्या होत्या. त्याने जळता कापूस दोन्ही हातांनी कवटाळून बाहेर ओढायला सुरुवात केली. एकदा ओढून बाहेर टाकला, आणि तो पुन्हा आत आला. त्याचा सदरा पेटला. त्याच्या केसांचा वास मला आला. "बटण! बटण बंद करा!" असं तो किंचाळत होता, आणि ज्याने बटण दाबलं होतं तो जेवत होता. बाया वाचल्या. लखनला गाडीत घालून यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. तो परत आला नाही. माझ्या पत्र्यावर त्याच्या तळहाताची कातडी चिकटून राहिली होती. ती कितीतरी दिवस तशीच होती. कुणी पुसलीसुद्धा नाही.

आता माणसांचं पाहा. चौकशीला लोक आले. ते काजळी बघून, नाकाला रुमाल लावून निघून गेले. माझ्या जबड्यात कुणी वाकून पाहिलं नाही. आणि शेठने बिनदिक्कत सांगून टाकलं, "चामडं सडकं होतं. तेच घासून पेटलं." तसं पत्रही निजामुद्दीनभाऊंना धाडलं. एका दगडात दोन पक्षी! मरणाचा दोष टळला, आणि रोलरचे पैसेही द्यायला नकोत. मला इतका संताप आला की काय सांगू! पण बंद पडलेल्या यंत्राचा संताप कोण विचारतो?

रुपयाची आठवण फक्त रुक्माबाईला होती. पण तिला वाटलं, जावईबापूंनी तो खिशात घातला. "माह्या मानाचा रुपयाही खाल्ला मेल्यानं," असं ती एकदाच म्हणाली. पुढे लेकाच्या दुःखात ते मागे पडलं.

लखनची माती झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी निजामुद्दीनभाऊ जिनाच्या फाटकावर आले. पैशासाठी नाही, भेटायला आले होते. कामगार, तांड्यावरची माणसं, सगळी तिथे भरपाई मागत बसली होती. जावईबापूंनी सज्जातून बोट दाखवलं, "मला काय विचारता? तो बघा आला. त्याच्या चामड्याने जाळलं तुमच्या पोराला."

मग जे झालं ते मी जळक्या शेडमधून पाहिलं. माणसं उठली. पहिली थप्पड, मग लाथा. भाऊंची टोपी उडाली, ते खाली पडले, "अरे ऐका तं खरं, ऐका तं!" म्हणत राहिले. गर्दी फाडून रुक्माबाई आली. तिच्या हातात माझ्याच शेडमधला लोखंडी गज होता. तिच्या डोळ्यांत काहीच नव्हतं, पाणीसुद्धा नाही. तिने गज दोन्ही हातांनी उचलला. भाऊंनी डोकं वाचवायला उजवा हात वर केला, आणि गज त्या हातावर बसला. हाडं मोडल्याचा आवाज झाला. चामड्यावर फिरणारी ती बोटं! ती पुन्हा कधी सरळ झाली नाहीत.

भाऊंनी तिच्यावर तक्रार केली नाही. हुस्नाबी, त्यांची बायको, रडून म्हणायची, "काहून करत नाही तुमी?" ते म्हणायचे, "तिचा पोरगा गेला, हुस्ना. माही तं बोटंच गेली." पण धंदाही गेला. ज्याच्या चामड्याने माणूस जळला त्याचे रोलर कोण घेणार? एकेका जिनाने पाठ फिरवली.

शेवटी धम्मदीप नावाचा एक वकील त्यांना भेटला. मूळचा बाभुळगावचा, चिडखोर आणि सरळ. त्याने समजावलं, "भाऊ, घेतलेल्या मालाचे पैसे कंपनी देत नसेल, तर तिला दिवाळखोरीच्या न्यायालयात खेचता येते." नोटीस गेली. शेठचं उत्तर आलं : माल सदोष होता, त्याने कामगार मेला, वाद आधीपासूनच आहे. न्यायालय म्हणालं, ज्या देण्याबद्दल आधीच वाद आहे त्यासाठी हे दार नाही. अर्ज फेटाळला.

"वकीलसाहेब," भाऊ म्हणाले, "पैशाचं जाऊ द्या. तो 'सदोष' शब्द खोडता येते का? तेवढा खोडून द्या. मले पुन्हा कुणाच्या दारात उभं तं राहता येईल."

मित्रांनो, एवढंच मागणं होतं त्या माणसाचं. आणि त्याचं उत्तर माझ्या जबड्यात रुतून बसलं होतं.

पुढे शेठ बँकेचेही हप्ते भरेना, तेव्हा बँकेनेच त्याला त्या न्यायालयात ओढलं. कंपनीचं दिवाळं निघालं अशी बातमी फुटली, आणि ज्याचं ज्याचं येणं होतं तो तो फाटकावर धावून आला. डिझेलवाले, बारदानवाले, ट्रकवाले. देवसिंगने फाटक अडवलं तर त्याचं डोकं फोडलं. काचेची खोली फुटली. कुणी पंखे उपटले, कुणी मोटारी. एका ट्रकवाल्याने माझ्या मानेला साखळी बांधली आणि गाडी पुढे घेतली. माझ्या पायातले बोल्ट ताडताड तुटले, मी आडवा पडलो, आणि साखळी सुटून एका माणसाच्या जबड्यावर बसली. तो तोंड धरून रक्त ओकत बसला. त्याचंही येणं खरंच होतं हो! खऱ्या येण्यासाठी माणसं एकमेकांना फाडत होती, आणि शेठ, जावईबापू कुठेच नव्हते.

पोलिसांबरोबर न्यायालयाने नेमलेले एक साहेब आले. त्यांनी सांगितलं, आता कुणी काही न्यायचं नाही, सगळी वसुली थांबली, ज्याचं येणं असेल त्याने त्या साहेबांकडे दावा लावावा. भाऊंनीही लावला. त्यावर शेरा पडला : कंपनीच्या नोंदीत माल सदोष, दावा अमान्य. पुन्हा तोच शब्द!

कारखाना चालवायला कुणी पुढे आलं नाही. दोन पावसाळे मी आडवा पडून गंजलो. शेवटी सगळं मोडून विकायचं ठरलं, आणि भंगाराचा ठेकेदार हातोडे घेऊन आला. तुकडे वेचायला त्याने रोजंदारीवर बाया लावल्या होत्या. त्यांत रुक्माबाई होती. पार वाळून गेली होती. गळ्यातली माळ मात्र तशीच होती.

ती ठेकेदाराला म्हणाली, "या रेच्यावर पैला घाव मी घालतो. याच्यापाशी माहा लेक जळला."

नेमके त्याच वेळी निजामुद्दीनभाऊ आणि धम्मदीप आत आले. मोडण्याआधी चामडं तपासून मिळावं, असा अर्ज वकिलाने केला होता. तिला पाहून भाऊ जागीच थांबले. तिने पाहिलं, आणि तोंड फिरवून हातोडा उचलला. म्हातारीच्या अंगात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे! पहिला घाव माझ्या कपाळावर बसला. दुसरा जबड्यावर. "घे! घे मेल्या!" ती ओरडत होती. मला दुखत होतं आणि मी मनात म्हणत होतो, अजून मार बाई, अजून. तिसऱ्या घावाला माझं जागेवरचं पातं निसटलं, आणि त्याच्या बुडातून काहीतरी ठणकन फरशीवर पडलं.

काजळीने काळा झालेला रुपया. अर्ध्यापर्यंत चावलेला. आणि माझ्या पात्याला तेवढाच दात पडलेला.

धम्मदीपने तो उचलून पात्याच्या खाचेत बसवला. बरोबर बसला. भाऊंनी डाव्या हाताने रोलर पुसला. नाण्याने कापलं होतं तेवढी चीर सोडली, तर खालचं चामडं जिथे जळलं नव्हतं तिथे अजून घट्ट होतं. रुक्माबाईचा हात आपोआप गळ्यातल्या माळेकडे गेला.

"हा मुहूर्ताचा आहे," ती म्हणाली. "हा माह्या हातचा होता. त्याईनं मले आत येऊ नाही देल्लं. मी उचलला असता... मी उचलला असता ना हा!"

आणि ती मटकन खाली बसली. लखन गेला तेव्हा जे डोळे कोरडे होते ते आता फुटले. ती धाय मोकलून रडली. मग एकदम उठली, आपला उजवा हात माझ्या लोखंडावर पसरून ठेवला आणि हातोडा भाऊंच्या पायाशी ढकलला.

"मारा, निजामभाऊ. याच हातानं तुमची बोटं मोडली. निर्दोष माणसाची मोडली. मारा म्हणतो ना!"

भाऊंनी हातोडा उचलला. मोडक्या बोटांनी धड धरता येईना म्हणून दोन्ही हातांनी डोक्याच्या वर नेला. त्यांचा चेहरा मी आयुष्यात पहिल्यांदा तसा पाहिला, लालबुंद, दात आवळलेले. धम्मदीप "भाऊ!" असं ओरडला. रुक्माबाईने डोळे मिटले, हात हलवला नाही. हातोडा खाली आला आणि तिच्या करंगळीच्या अगदी शेजारी माझ्यावर बसला. माझं ओतीव अंग मधोमध दुभंगलं.

भाऊ धापा टाकत उभे होते. हातोडा टाकून म्हणाले, "हात उचला, रुक्माबाई. मोडून मले काय करायचा आहे? तो साहेबापुढं वर करा. काय झालं ते सांगा. मले तेवढंच पायजे."

तिने तो हात वर केला, मित्रांनो. न्यायालयाने नेमलेल्या त्या साहेबांच्या टेबलापुढे उभी राहून तिने शपथेवर सगळं सांगितलं. रुपया, पातं आणि रोलर समोर ठेवले होते. डोक्याला टाके पडलेला देवसिंगही आला आणि म्हणाला, "मीच अडवलं होतं बाईले, हुकमावरून." साहेबांनी दावा पुन्हा तपासला, 'सदोष' शब्दावर रेघ मारली आणि दावा मान्य केला. पैसे? बँकेचं भागता भागता सगळं संपलं. भाऊंपर्यंत काही आलं नाही. पण दुसऱ्याच हंगामात दारव्ह्याच्या एका जिनाने त्यांच्याकडे रोलर मागितले. आता ते सांगतात आणि हुस्नाबी खाचा पाडते. गाल मात्र अजून तेच लावतात.

जावईबापूंवर खटला चालू आहे. त्याचं पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही, आणि लखन त्याने परत येणार नाही. माझा हा अर्धा तुकडा भाऊंनी ठेकेदाराकडून मागून आणला. चावलेला रुपया खटल्यात जमा आहे. रुक्माबाईच्या माळेत त्याची जागा रिकामी आहे, ती दुसरं नाणं घालत नाही.

म्हणून म्हणतो, मुलांनो, यंत्राला तेल घाला, पुसा, त्याच्या जबड्यात वाकून पाहा, हे सगळं कराच. पण कुठलंही बटण दाबण्याआधी एकदा फाटकाकडे बघा. तिथे गजांना धरून कुणी ओरडत असेल, तर आधी तिला आत घ्या. मी बघत होतो. मला हाक मारता येत नव्हती, तुम्हाला येते.